भटूची सव्वा मूठ

सकाळपासून त्या फ्रान्सच्या माणसाचं नाव ऐकून ऐकून केसरबाईचं डोकं उठलं होतं.

ओसरीवर गहू पसरलेले, मांडीवर सूप, आभाळ धड बरसत नाही आणि धड उघडत नाही, उद्या रविवारी घरात कानबाई देवी बसायची, आणि ही नात ओसरीच्या खांबासमोर उभी राहून त्या खांबालाच हात जोडून सांगत होती, "न्यायमूर्ती महाराज! आरोपी नेपोलियन याने जनतेच्या हातातली सत्ता हिसकावून घेतली!"

"कोके," केसरबाई म्हणाली, "त्या खांबाने कोणाचं काही घेतलेलं नाही. गहू निवडायले बस."

कोकिळा ही थोरल्या मगनची मुलगी. धुळ्याला कॉलेजात होती, तिथेच होस्टेलवर राहायची. फ्रान्सातल्या लोकांनी आपल्या राजाविरुद्ध बंड केलं त्याला यंदा दोनशे वर्षं झाली, म्हणून कॉलेजाने खटला भरवायचं काढलं होतं. आरोपी मरून गेलेला, साक्षीदार मरून गेलेले, ज्या मुलखात हे घडलं तो मुलूख धुळ्यात कोणी पाहिलेला नाही, आणि तरी म्हणे मंगळवारी निकाल लागणार होता, की नेपोलियन हुकूमशहा होता का नव्हता. होता म्हणणारी वकील कोकिळा. नव्हता म्हणणारा धनसिंग नावाचा एक मुलगा; तो म्हणे बोलायला लागला की शिकवणारेसुद्धा खडू खाली ठेवून ऐकतात.

केसरबाई दुसरीपर्यंत शाळेत गेली होती. पुढे का गेली नाही, तिला पुरे वाटलं की मास्तरला, हे विचारायची नशिराबादेत कोणाची हिंमत नव्हती. नवरा गेल्यावर चाळीस वर्षांच्या वयात तिने घर हातात घेतलं, ते अजून हातातच होतं. शेतात काय पेरायचं, कोणत्या भावाच्या मुलीला कुठे द्यायचं, आज भाजी वांग्याची की गिलक्याची, बठ्ठं तिच्या तोंडून निघायचं. आणि ते वाईट निघत नव्हतं, हेही खरं. म्हणून तर कोणी बोलत नव्हतं.

या श्रावणात मात्र तिला एक गोष्ट टोचत होती आणि ती गोष्ट सुपातच होती.

कानबाईच्या रोटाचं असं असतं. घराण्यात जेवढे पुरुष, अंगावर पिणाऱ्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत, तेवढ्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजायचे, घरच्या जात्यावर दळायचे, आणि त्या पिठाचं जे होईल ते भाऊबंदांनी एकत्र बसून खायचं. बाहेरच्याला त्यातला कण द्यायचा नाही. घरात कोणी जन्मला की मूठ वाढते, कोणी गेला की मूठ कमी होते. मधलं काही नसतं. केसरबाईच्या घरात मात्र मधलं होतं. तिचा धाकटा मुलगा भटू शिरपूरला धडधाकट होता, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, त्याला बायको होती, पोरं होती, आणि अकरा वर्षं त्याच्या नावाची मूठ रोटात पडत नव्हती.

कारण तसं साधंच. तिने त्याच्यासाठी मुलगी ठरवली होती, कुंकू लावून झालं होतं, गावात पेढे वाटून झाले होते. आणि हा धुळ्याच्या कचेरीत जाऊन, सह्या ठोकून, आपल्या पसंतीच्या मुलीशी लग्न करून मोकळा! ठरलेल्या मुलीच्या बापाच्या ओट्यावर शब्द परत घ्यायला केसरबाई एकटी गेली होती. त्या माणसाने तिला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. त्या न मिळालेल्या पाण्याचा घोट तिच्या गळ्यात अजून अडकलेला होता.

पण मनमानी आपण केली नाही, असं तिचं ठाम मत होतं. दरवर्षी गहू मोजताना ती सगळ्या भाऊबंदांसमोर विचारायची, "भटूची मूठ टाकायची का? बोला." कोणी बोलायचं नाही. मग ती म्हणायची, "मग ठरलं." याच्यापेक्षा जास्त कोणी काय विचारायचं?

"आजी, खांब उत्तर देत नाही गं," कोकिळा येऊन गव्हासमोर बसली. "तू धनसिंग हो ना थोडा वेळ."

"मी काहून धनसिंग होऊ? मी केसरबाई आहे ते काय कमी आहे?"

"म्हणजे तू नेपोलियनची बाजू घे. मी आरोप करते, तू उत्तर दे."

"आधी त्याने केलं काय ते तर सांग. नुसतं आरोपी, आरोपी!"

कोकिळेने सांगितलं. राजाचं मुंडकं उडवल्यावर त्या मुलखात कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहिला नाही. रोज माणसं मारली जात. कागदी नोटांना कोणी विचारेना. रस्त्यांवर लुटारू. कारभार पाच जणांच्या हातात, आणि पाचांचीही तोंडं पाच दिशांना. तेव्हा हा सेनापती पुढे झाला, सभेत शिपाई घुसवले आणि सभासदांना संगिनीच्या धाकाने हुसकून दिलं. कित्येक तर खिडक्यांतून उड्या टाकून पळाले.

"खिडकीतून?" केसरबाईच्या हातातलं सूप थांबलं. "धोतरं सावरत?"

"लाल झगे होते त्यांचे."

"अरे व्वा. झगे सावरत." तिला ते चित्र फार आवडलं. "मग बरं केलं की त्याने. पाच जणांत घर चालतं का? तुझ्या आजोबांच्या मागे पाच जण आले होते मले शहाणपण शिकवायले. आपल्या घराले खिडकी नव्हती मोठी, नाहीतर..."

"आजी, पुढे ऐक. त्याने वर्तमानपत्रं बंद केली. पॅरिसात सत्तरेक होती, शेवटी चार उरली."

"चार काय कमी झाली? नशिराबादेत एक येतं, आणि ते चहाच्या दुकानात संध्याकाळपर्यंत गावभर हिंडतं."

"भावांना राजे केलं. एकाला या देशाचा, एकाला त्या देशाचा."

"भावाले नाही तर काय शेजाऱ्याले करायचं? चांगला माणूस दिसतो."

"मुकुट दुसऱ्या कोणाच्या हातून घेतला नाही. मोठा धर्मगुरू मुद्दाम बोलावला होता, तो बघत राहिला, आणि याने उचलून स्वतःच स्वतःच्या डोक्यावर ठेवला!"

यावर केसरबाईने कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. नवऱ्याचा तेरावा झाल्यावर त्या किल्ल्या खुंटीवर होत्या आणि सगळे त्या खुंटीकडे बघत होते. कोणी उचलून दिल्या नाहीत. तिनेच उठून घेतल्या. "दुसऱ्याने घालायची वाट पाहिली असती ना," ती म्हणाली, "तर अजून उघड्या डोक्याने फिरत असता. पुढे?"

"हेरखातं होतं त्याचं. कोणत्या घरात कोण काय बोलतं, सगळं त्याला कळायचं."

"ते तर ठेवावंच लागतं."

स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. आत मगनची बायको, कोकिळेची आई बेबाबाई, डाळ निवडत होती. घरात तिचा आवाज बांगड्यांचाच काय तो ऐकू यायचा.

"क्रांतीने गुलाम मोकळे केले होते. समुद्रापलीकडे उसाच्या शेतांवर राबणारी माणसं. याने त्यांना पुन्हा बांधायचा हुकूम काढला."

केसरबाईने एक खडा उचलून अंगणात लांब फेकला. "हे वाईट केलं," ती म्हणाली. "सुटलेल्याले पुन्हा बांधणं वाईट. हे तुझं खरं."

"आणि कायदा केला, की बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं. नवऱ्याच्या सहीशिवाय तिला स्वतःचं शेतही विकता येणार नाही."

"मेला! तोंड पाहा त्याचं!"

"आजी, तू त्याची वकील आहेस."

"वकील आहे म्हणून काय डोळे फोडून घेऊ? घे, दोन आरोप तुले दिले. पण रस्ते केले, शाळा काढल्या, बठ्ठ्या मुलखाले एक कायदा दिला म्हणतेस. लुटारू गेले का?"

"गेले."

"मग? घर चालवणाऱ्याच्या हातून दोन भांडी फुटतात. जो काहीच करत नाही त्याच्या हातून काही फुटत नाही, तो तुझ्या त्या सभासदांसारखा खिडकी शोधतो. आणि मले सांग, लोकाले नको होता तर लोक काहून बोलले नाहीत?"

इथे कोकिळेचे डोळे चमकले. केसरबाईला ते दिसलं, पण गहू सुपात उडाले होते आणि शब्द तोंडातून गेला होता.

"त्याने लोकांना विचारलं होतं, आजी. 'मी बादशहा होऊ का?' म्हणून मुलूखभर विचारलं. पस्तीस लाखांनी हो म्हटलं. नाही म्हणणारे फक्त दोन-अडीच हजार."

केसरबाईने सूप खाली आपटलं. "संपला तुझा खटला! पस्तीस लाख हो म्हणतात आणि ही धुळ्याची दीड वितीची पोरगी त्याले आरोपी म्हणते. जा, आता पाट्यावर चटणी वाट."

"पण विचारलं कसं, ते ऐक ना. गावोगाव चोपड्या ठेवल्या होत्या, उघड्या. 'हो' म्हणायचं तर इथे नाव लिही, 'नाही' म्हणायचं तर तिथे नाव लिही. सरकारी माणूस समोर बसलेला, शेजारीपाजारी बघताहेत. 'नाही'खाली नाव लिहिलेल्या माणसाने उद्या गावात कसं राहायचं?"

"ज्याले नाही म्हणायचं त्याने छाती काढून म्हणावं! मी म्हटलं असतं."

"तू म्हटलं असतंस, आजी," कोकिळा हळूच म्हणाली. "पण या घरात दुसऱ्या कोणी म्हटलं असतं का?"

स्वयंपाकघरात बांगड्या पुन्हा थांबल्या.

केसरबाईने नातीकडे असं पाहिलं, की खांब असता तर वाकला असता. मग ती गहू निवडायला लागली. सुपात एकही खडा उरलेला नव्हता, तरी ती बराच वेळ निवडत राहिली.

दुपारी भाऊबंद जमले. मगन शेतातून आला, पाय धुऊन ओसरीवर बसला. तीन-चार घरचे पुतणे, त्यांच्या बायका, पोरंसोरं. केसरबाईचे दीर जीवराम आबा खाटेवर मधोमध, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. आबा ऐंशीच्या पुढचे. ऐकू चांगलं यायचं, पण ऐकलेलं आपल्याच पद्धतीने मनात ठेवायचे.

केसरबाईने नवं सूप समोर घेतलं, हळदीकुंकू वाहिलं, आणि एकेक नाव घेत मुठी टाकायला सुरुवात केली. आधी आबांची. मग मगनची. मग पुतण्यांची, त्यांच्या पोरांची. भरलेली मूठ आणि वर चिमटीने पाव. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. शेवटची मूठ पडली आणि दरवर्षीसारखी ती थांबली.

"भटूची मूठ टाकायची का? बोला."

ओसरीवर एक पोर शिंकलं. बाकी कोणी नाही. मगन अंगठ्याने जमीन उकरत बसला. पुतणे एकमेकांकडे न बघता एकमेकांकडे बघत होते. आबा टोपी झटकत होते.

केसरबाईने मान वळवून कोकिळेकडे पाहिलं. पाहिलंस? असं.

"अशीच चोपडी होती त्याची," कोकिळा म्हणाली. हळू म्हणाली, पण ओसरी लहान होती.

"कोणाची चोपडी?" एका पुतण्याने विचारलं.

"कोणाची नाही!" मगन घाबरून म्हणाला. "कोके, आत जा."

"थांब," केसरबाई म्हणाली. तिचा आवाज असा शांत झाला, की बेबाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "इले वाटतं, तुम्ही मले भिता. इले वाटतं, मी विचारते ते नाटक. हिच्या पुस्तकात एक बादशहा आहे, तो मी आहे म्हणे."

"नाही, नाही, काकू!" पुतणे एकदम म्हणाले. ते इतकं एकदम आलं, की केसरबाईलाच ते आवडलं नाही.

"मग आता दाखवूनच देऊ. सांग वं शहाणे, कसं विचारायचं असतं? तुझ्या कॉलेजात कसं विचारतात?"

"कोणाचं मत काय, ते कोणाला कळता कामा नये," कोकिळा म्हणाली. ती मागे हटली नाही.

"बेबी, मडकं आण. आणि तुरीचे दाणे आण मूठभर."

मडकं कणगीच्या खोलीत ठेवलं गेलं. त्या खोलीला खिडकी नव्हती, दार लोटलं की हाताला हात दिसत नसे. मडक्याच्या तोंडाला फडकं, फडक्याला हात जाईल एवढी फट. प्रत्येकाच्या एका हातात गव्हाचा दाणा, दुसऱ्या हातात तुरीचा. भटूची मूठ टाकायची असेल त्याने गहू मडक्यात सोडायचा. टाकायची नसेल त्याने तूर सोडायची. उरलेला दाणा खाऊन टाका, नाहीतर कोंबड्यांना घाला, दाखवायचा कोणाला नाही.

"बायांनीही टाकायचा?" आबांनी विचारलं. "रोट तर पुरुषाच्या नावाचा."

"दळणार कोण, भाऊजी? तुम्ही?"

आबांनी टोपी घातली.

एकेक जण आत जाऊन आला. आत जाताना सगळे असे जात होते, जसं डॉक्टरकडे सुई टोचून घ्यायला जावं. बाहेर येताना मात्र कोणी वर बघत नव्हतं. बेबाबाई गेली आणि आली, बांगडी वाजली नाही. आबांना हाताला धरून दारापर्यंत नेलं, "आत आमचा आम्ही जाऊ" म्हणून ते एकटे गेले आणि बऱ्याच वेळाने आले. केसरबाई हे सगळं बघत होती आणि तिचं मस्तक तापत चाललं होतं. एका दाण्यासाठी केवढा हा खटाटोप! कानबाईच्या आदल्या दिवशी! जातं अजून धुवायचं होतं, चूल सारवायची होती, आणि ही माणसं अंधारात दाणे टाकताहेत.

शेवटी ती उठली.

आत अंधार होता. धान्याचा आणि जुन्या पोत्यांचा वास होता. उजव्या हातात तूर होती. उजव्याच हातात घेतली होती, मुद्दाम. मडक्याच्या फटीशी हात नेला आणि तिथेच थांबला.

ओसरीवर असताना तिच्या पाठीशी नेहमी तो मुलीचा बाप उभा असायचा, पाणी न विचारणारा. इथे अंधारात तोही दिसेना. त्या मुलीचं तर पुढच्याच वर्षी चांगल्या घरी झालं होतं. तिची पोरं आता सायकली पळवत होती म्हणे. तो बाप मागच्या लग्नसराईत जळगावला भेटला तेव्हा "बस, अक्का" म्हणाला होता, आणि केसरबाई बसली नव्हती. मग ही तूर कोणासाठी धरून ठेवली होती इतकी वर्षं? इथे बघणारं कोणी नव्हतं. तिने नाक वर केलं तरी ते कोणाला दिसणार नव्हतं.

तिने डाव्या हातातला गहू सोडला. मडक्यात तो पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, इतका हलका. तुरीचा दाणा तिने पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला, आणि स्वतःवरच चिडून बाहेर आली.

मडकं ओसरीवर आणलं. फडकं सोडलं. मगनने ते सुपात पालथं केलं.

गहू होते. सगळे गहू. पिवळेधमक, सरसकट. आणि मधोमध एक तुरीचा दाणा, लालसर, डोळा वटारल्यासारखा.

सगळ्यांनी तो दाणा पाहिला. मग सगळ्यांनी एकदाच केसरबाईकडे पाहिलं, आणि एकदाच नजरा खाली घातल्या. त्या खाली घातलेल्या नजरांत अशी दया होती, की केसरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. माझा नाही तो! ओरडावंसं वाटलं. मग माझा नाही म्हटलं, तर गहू माझा, हेही म्हणावं लागेल. अकरा वर्षं ताठ ठेवलेली मान सगळ्यांसमोर वाकवायची, ती मडक्यासमोर? आणि कोण आहे तो मेला, ज्याने माझ्या पोराच्या नावाने तूर टाकली? माझा पोरगा याचं काय खात होता?

"कोणाचा..." तिने सुरुवात केली.

"आजी," कोकिळा म्हणाली, "ते विचारायचं नसतं."

केसरबाईने ओठ आवळले. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी हवं होतं आणि विचारता येत नव्हतं. मग तिचा बांध दुसरीकडून फुटला.

"अरे, पण बठ्ठे गहू! बठ्ठे! म्हणजे अकरा वर्षं तुमच्या मनात गहू होते आणि तोंडात मिठाची गुळणी? मगन, तुझा सख्खा भाऊ! वर्षाच्या वर्षाला जमीन उकरत बसतो, तिथे आता विहीर झाली असती! बेबी, तुले बांगड्या वाजवता येतात, बोलता येत नाही? दरवर्षी मी विचारते, बोला, बोला. एकाने तरी म्हणायचं, टाका काकू! मी काय खाल्लं असतं?"

"हो," मागून एक पुतण्या म्हणाला. म्हणून झाल्यावर तोच दचकला.

आधी बेबाबाईच्या तोंडाला पदर गेला. मग मगनचे खांदे हलले. मग सगळी ओसरी हसली, आणि केसरबाई सोडून सगळ्यांचे डोळे ओले झाले. तिने आपले पुसून घेतले, कारण गव्हाला धूळ होती.

"दात काढू नका. सूप धरा," ती म्हणाली आणि गव्हात हात घातला. "ही भटूची." सव्वा मूठ पडली. हात परत गव्हात गेला. "ही ईश्वरची." पुन्हा गेला. "ही हिंमतची. लहान आहे म्हणून मूठ लहान नसते."

ईश्वर आणि हिंमत ही भटूची पोरं. शिरपूरला जन्मली, शिरपूरला वाढली, या घरात त्यांचं नाव कधी कोणी घेतलेलं नव्हतं. ती नावं तिला कोणी सांगितली, हे विचारायला कोणी धजलं नाही. कोकिळा तेवढी खांबाला टेकून पुटपुटली, "हेरखातं."

"ते ठेवावंच लागतं," केसरबाई म्हणाली. "मगन, इथे काय बसला? जळगावहून शिरपूरची एसटी पकड. आणि त्याले सांगजो, मायने बोलावलं म्हणून नाही. मडक्याने बोलावलं."

भटू दुसऱ्या दिवशी सकाळी आला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण दारात उभा राहिला तो चोरी पकडलेल्या पोरासारखा. मागे बायको रुक्मा, दोन पोरं. रुक्माने वाकून नमस्कार केला आणि आपल्या शिरपूरच्या बोलीत विचारलं, "आत्या, तब्येत कशी शे तुमनी?"

"शे, शे, बरी शे," केसरबाई म्हणाली. "इतक्या वर्षांनी विचारलं, तोवर मेली असती तर? हात धू आणि चुलीकडे जा. बेबी एकटीच आहे." भटूच्या शर्टाचं तुटलेलं बटण तिने पाहिलं, एवढंच.

कानबाई बसली, आरती झाली, नैवेद्य झाला. घरातल्या घरात पंगत मांडली. भटूचं पान जीवराम आबांच्या शेजारी. पोळ्या, खीर, भाजी, आणि बेबाबाईने बिचारीने मुद्दाम केलेलं तुरीचं साधं वरण. भटूने पहिला घास घेतला. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"खा, बेटा," आबा खूश होऊन म्हणाले. "मी तुझ्या नावाने तूरच टाकली मडक्यात. म्हटलं, गहू काय, गहू तर सगळ्यांच्याच नावाने पडतात. पण लहानपणी हा पोरगा तुरीच्या वरणाशिवाय उठत नव्हता पानावरून. म्हटलं, याच्यासाठी तूर."

मगनचा घास हातातच राहिला. बेबाबाईची पळी खिरीत थांबली. पुतणे हळूहळू, एकेक करून, हिशेब करायला लागले. मडक्यात तूर एकच होती. ती आबांची. म्हणजे बाकीचे दाणे गव्हाचे. बाकीचे सगळे.

सगळी पंगत केसरबाईकडे बघायला लागली. या वेळी कोणी नजर खाली घातली नाही.

केसरबाईचे कान लाल झाले. तिचा हात नकळत पदराच्या टोकाकडे गेला, तिथे कालची गाठ होती, ती तिने मुठीत दाबून धरली.

"भाऊजी!" ती कडाडली. "एक दाणा टाकायचा होता, एक! गहू म्हणजे हो, तूर म्हणजे नाही, तीन वेळा सांगितलं. दूध पिणाऱ्या पोराले कळलं असतं. त्यातही तुम्ही तुमचंच वरण शिजवलं!"

"मग टाकली ना मूठ?" आबा म्हणाले. "झालं तर."

"आजी..." कोकिळेचा चेहरा फुलून आला होता. "म्हणजे तू..."

"तू जेव. मंगळवारी खटला आहे तुझा."

"निकाल काय द्यायचा मग? होता का हुकूमशहा?"

"होता," केसरबाई म्हणाली. "चोपडी उघडी ठेवणारा माणूस चांगला नसतो, हे मी मान्य केलं. पण त्या धनसिंगाने काही म्हणायच्या आधी तू सांग, की त्या पस्तीस लाखांलेही पिंजऱ्यात उभं करा. त्याच्या घरात एकानेही वेळेवर तोंड उघडलं असतं तर त्या मेल्याले किती त्रास वाचला असता! इतकी वर्षं एकट्यानेच ताठ उभं राहायचं म्हणजे पाठ दुखते माणसाची, हे लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?"

भटू मान खाली घालून वरण ओरपत होता आणि त्याच्या पानातलं संपत आलं होतं.

"आणि तू रे," ती पळी घेऊन त्याच्याकडे वळली, "अजून पाहिजे का वरण? का त्यासाठीही मडकं आणू?"